पायांतून उतरणारं विष

"सरका, सरका! विष उतरायला लागलंय!"

आमच्या धुलाई कारखान्याच्या जेवणघरात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. इस्त्रीवाल्या, घड्या घालणाऱ्या, पिळणीच्या यंत्रावरच्या, सगळ्याजणी डबे न उघडता टाचा उंचावून बघत होत्या. मधोमध खुर्चीवर घड्या विभागातली लंबू बसली होती. तिचे पाय एका निळ्या प्लॅस्टिकच्या टबात होते. टबातून एक वायर निघून पेटीत गेली होती, पेटीवर हिरवा दिवा लुकलुकत होता. लंबूच्या गुडघ्यांपासून थेट जमिनीपर्यंत एक पांढरी चादर पसरली होती. चादर आमच्याच कारखान्याची. तिच्यावरचा शाईचा डाग मी स्वतः काढला होता.

टबाशेजारी एक गृहस्थ उभे होते. अंगात पांढरा कोट. डॉक्टर घालतात तसा, फक्त आत डॉक्टर नव्हता.

"माझं नाव विचारू नका," ते डोळे मिटून म्हणाले. "पाण्याला कुठे नाव असतं? लोक मला जलमित्र म्हणतात."

लोक म्हणजे ते स्वतः. आम्ही पहिल्याच दिवशी त्यांचं नाव टबबाबा ठेवलं.

"नळाला जशी तोटी, तसे शरीराला तळपाय. वरून टोचलेलं खालूनच निघणार! चादर कशाला, म्हणाल? विष उजेडाला बुजतं. उजेड दिसला की परत आत शिरतं." असं म्हणून त्यांनी आपल्या बाजूनं चादरीचं टोक जरासं उचललं, काचेचा पेला आत बुडवला आणि वर धरला. वीस मिनिटांपूर्वी स्वच्छ असलेलं पाणी तपकिरी झालं होतं. वर घाणेरडा फेस.

"अगं बाई!" सगळं जेवणघर एका सुरात म्हणालं.

भिंतीवर तक्ता लावला होता. पिवळं पाणी म्हणजे आळस. नारिंगी म्हणजे यकृत. काळे कण म्हणजे मत्सर. गडद तपकिरी म्हणजे गर्भाशयाचं विष.

"लस घेतली होतीस ना, बाळ?" टबबाबांनी लंबूला विचारलं.

"हो."

"बघा!"

लंबू उठली, दुसरी बसली. पुन्हा वीस मिनिटं, पुन्हा पेला, पुन्हा तपकिरी.

"तू लस घेतली होतीस?"

"नाही हो."

"बघा! म्हणजे हे विषाणूचं विष!"

मी मागून विचारलं, "घेतली तरी तपकिरी, नाही घेतली तरी तपकिरी. मग फरक कसा ओळखायचा?"

टबबाबा माझ्याकडे बघून प्रेमानं हसले. "फरक छटेत आहे, मावशी. ती दिसायला मन स्वच्छ लागतं."

सत्तर बायकांनी वळून माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझं मनच आधी साबणात भिजत घालायला हवं.

आता मी कोण ते सांगते. सव्वीस वर्षं मी या कारखान्यात डाग काढते. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, टेबलावरची कापडं इथे येतात. यंत्रातून जे डाग जात नाहीत ते खिडकीजवळच्या माझ्या टेबलावर येतात. रक्त, शाई, लिपस्टिक, चहा, मलम. प्रत्येकाची बाटली वेगळी. म्हणून मला सगळे डागमावशी म्हणतात. कुठल्याही डागाकडे बघून "हा कुठून आला?" असं विचारायची मला खोड आहे. जाऊबाईंच्या घरी या खोडीमुळे मला कुणी फारसं बोलावत नाही.

हे टबाचं प्रकरण सुरू झालं ते त्या दिवसाच्या तीन आठवडे आधी. आरोग्य केंद्राच्या सिस्टर आल्या होत्या, खांद्याला बर्फाची पेटी अडकवून. त्यांनी सरळ शब्दांत सांगितलं की एचपीव्ही नावाचा एक विषाणू असतो, शरीरसंबंधातून पसरतो, आणि तो इतका सर्रास आढळतो की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी होतोच. पुष्कळदा आपोआप जातो. पण काहीजणींच्या शरीरात त्याचे काही वाईट प्रकार वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतात आणि त्यातून गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होऊ शकतो. त्याच्यावर लस आहे. लहान वयात घेतलेली सगळ्यात चांगली, पण तरुण मुलींनाही घेता येते.

अकरा मुलींनी टोचून घेतली. बारावी सुई बघूनच धाडकन खाली पडली. सुईचं टोपणसुद्धा अजून निघालं नव्हतं. पोरगी सकाळपासून उपाशी होती. पाच मिनिटांत उठली, दोन बिस्किटं खाल्ली आणि कामाला लागली. पण बातमी काही उपाशी नव्हती. दुपारी पिळणीच्या यंत्रापाशी ती बेशुद्ध होती. चहाच्या वेळेपर्यंत तिची वाचा गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला या जन्मी मूल होणार नव्हतं. आणि ती स्वतः? ती माझ्या शेजारी उभी राहून हे सगळं ऐकत होती आणि "अरे देवा, कोण ती बिचारी?" असं विचारत होती.

मुली घाबरल्या, कामं रेंगाळली. आमचे साहेब हवालदिल झाले. साहेब म्हणजे कारखान्याचे व्यवस्थापक, माणूस वाईट नाही. पण कुठल्याही प्रश्नाला अर्ध्या दिवसात संपणारं उत्तर हवं असतं. त्यांना कुणीतरी जलमित्रांचा पत्ता दिला. सिस्टर पुन्हा यायच्या होत्या त्यासाठी एकोणीस नावांची यादी सूचनाफलकावर लागली होती. टबाच्या पहिल्या आठवड्यात त्यातली सतरा नावं खोडली गेली.

त्यातलं एक नाव माझ्या भाचीचं होतं. ते तिनं नव्हतं खोडलं, तिच्या वडिलांनी खोडलं होतं.

भाचीला आम्ही बारकी म्हणतो. वय एकोणीस, काम इस्त्रीच्या रुळावर, जीभ कात्रीसारखी. तिचे वडील, म्हणजे माझे दाजी, कारखान्याची गाडी चालवतात. माझी ताई चार वर्षांपूर्वी गेली. याच आजारानं. अंगावरून अवेळी रक्त जायचं, ती म्हणायची, "बायकांचं असतंच काहीतरी." आम्हीही तेच म्हणायचो. इस्पितळात नेलं तोवर उशीर झाला होता.

मी दाजींना गाडीपाशी गाठलं.

"दाजी, पोरीचं नाव का खोडलंत?"

त्यांनी पान्यानं चाकाचा नट घट्ट करत म्हटलं, "तिला गरज नाही. माझी मुलगी चांगली आहे."

"आणि ताई? ताई चांगली नव्हती?"

पाना थांबला. मला वाटलं, बोलून चूक केली.

"तू असं बोलू नकोस," ते म्हणाले. "ते जलमित्र म्हणाले, आईकडून विष मुलीत उतरतं. ते काढून टाकतील. अकरा बैठका. नुसतं पाणी तर आहे, पाण्यानं काय बिघडणार?"

"बिघडणार! विष निघालं म्हणून ती निर्धास्त होईल आणि लस घेणार नाही. तेच बिघडणार!"

दाजींनी गाडीचं दार ओढलं आणि निघून गेले. माणूस भित्रा नव्हता. एकदा सगळं गमावलेला माणूस होता, आणि कुणीतरी त्याला म्हटलं होतं की पुन्हा गमावणार नाहीस.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर सहा टॉवेल आले. टबबाबा पाय पुसायला वापरायचे ते. तपकिरी डागांनी बरबटलेले. यंत्रातून दोनदा काढले तरी गेले नव्हते.

"मावशी, हातमोजे घाल," टॉवेल आणणारी कुजबुजली. "विष आहे."

मी हातमोजे घातले, पण ते बाटल्यांसाठी. साबण लावला, डाग हलला नाही. ब्लीचचा थेंब टाकला, डाग उलट आणखी पक्का झाला. तेव्हाच मला शंका आली, कारण असा हट्टीपणा करणारा डाग मी सव्वीस वर्षं बघतेय. लोखंडी खाटांच्या चादरींवर तो रोज येतो. मी गंजाची बाटली घेतली. दोन थेंब. डाग बघता बघता फिका होत नाहीसा झाला.

गंज! मुलींच्या पायांतून गंज निघत होता. म्हणजे आमच्या मुली लोखंडाच्या तरी होत्या, किंवा लोखंड दुसरीकडे कुठेतरी होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी अर्धा पांढरा, अर्धा तपकिरी असा टॉवेल सगळ्यांसमोर फडकवला. "हा गंज आहे! गंजाच्या औषधानं गेला!"

मला वाटलं होतं, टबबाबांच्या तोंडचं पाणी पळेल. पण पाणी हा त्यांचा धंदाच होता.

"अर्थातच लोह!" ते टाळी वाजवून म्हणाले. "शाबास, मावशी! रक्तात लोह असतं की नाही?"

"असतं," मुली म्हणाल्या.

"विष त्या लोहाचं बोट धरूनच बाहेर पडतं! मावशींनी आज आपली विद्या सिद्ध केली. टाळ्या!"

टाळ्या पडल्या. माझ्यासाठी म्हणून, पण त्यांना.

"मग पाय न घालता मशीन चालवून दाखवा," मी म्हटलं.

"पेटी फुटेल. ऊर्जेला देह लागतो."

"मावशी," साहेब मध्ये पडले, "उगाच कशाला? हे बघा, सगळ्यांच्या समाधानासाठी मी स्वतः बसतो." आणि त्यांनी कडक इस्त्रीची विजार गुडघ्यापर्यंत दुमडली.

चादर पसरली, हिरवा दिवा लागला. वीस मिनिटांनी पेला वर आला. गडद तपकिरी, फेसासकट.

बारकी तक्त्याजवळ उभी होती. तिनं बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "गडद तपकिरी... गर्भाशय."

मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "साहेब, कितवा महिना?" आणि जेवणघर फुटलं. पिळणीवाल्या एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या. साहेबांचे कान लाल झाले. टबबाबा हात वर करून सांगत होते की प्रत्येक पुरुषात एक स्त्री असते, पण आवाज कुणाला पोचतोय!

मला वाटलं, संपला खेळ. कसला संपतोय! दुसऱ्या दिवशी ठरलं की ते विष साहेबांच्या बायकोचं होतं, सहवासानं आलेलं. हसायला माणसाला क्षण पुरतो, विचार करायला मात्र त्याला सवड मिळत नाही. टबापुढे पुन्हा रांग लागली. आणि रांगेत बारकीचं नाव होतं.

"तू बसणार?" मी तिला इस्त्रीच्या रुळाशी गाठून विचारलं. "त्या ढोंग्याच्या टबात?"

"पप्पांनी सांगितलंय. त्यांना बरं वाटेल." चादर रुळात सरकवत ती म्हणाली. "मावशी, तू फक्त पुढे उभी राहा."

मी रागानं दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

तिची पाळी आली त्या दिवशी दाजीही आले होते. टोपी हातात घेऊन भिंतीला टेकून उभे होते. बारकी खुर्चीवर बसली. टबबाबांनी पाण्यात मूठभर पांढरे खडे टाकले, 'क्षारराज' म्हणायचे त्यांना. वायरला जोडलेली काळी डबी पाण्यात सोडली, चादर पसरली आणि म्हणाले, "सोड पाय, बाळ."

चादर हलली. बारकी म्हणाली, "हं."

दिवा लागला. टबबाबांनी डोळे मिटले. आज त्यांचा आवाज अधिकच खोल होता. "ही साधी बैठक नाही. हिची आई अकाली गेली. तिला ज्यानं नेलं, ते या मुलीत बसलेलं आहे. मला ते दिसतंय. ते सुटतंय... आईचा हात सुटावा तसं सुटतंय..."

दाजींनी टोपी डोळ्यांवर धरली. आजूबाजूच्या बायकांनी पदराच्या, ओढणीच्या टोकानं डोळे पुसले. मला आला तो संताप होता की रडू, मलाच कळेना. माझ्या ताईचा तमाशा मांडला होता त्या माणसानं.

वीस मिनिटं झाली. टोक उचललं, पेला बुडवला, वर धरला. गडद तपकिरी.

"बघा! आईला नेणारं हेच ते! हिच्या तळपायांतून, थेंब थेंब!"

"सगळं निघालं?" बारकीनं विचारलं.

"आज अकरावा हिस्सा निघाला."

"माझ्याच पायांतून? नक्की?"

"बाळ, तुझ्याशिवाय इथे आहे कोण?"

बारकीनं चादर दोन्ही हातांनी धरून एका झटक्यात बाजूला केली. तिचे दोन्ही पाय टबामागे, खुर्चीखाली दुमडलेले होते. पायांत पिवळे-जांभळे पट्ट्यांचे मोजे होते. कोरडे ठणठणीत.

तिनं एक पाय उचलून टबबाबांच्या कोटासमोर धरला. "हात लावून बघा. ओला असला तर अकराही बैठका करते."

टबबाबांनी हात लावला नाही. "विषाची... विषाची ओढ दुरूनही..." असं काहीतरी त्यांनी सुरू केलं, पण कालपर्यंत रांगेत पहिली असणारी लंबू पुढे येऊन म्हणाली, "दुरून निघत असेल तर मी तीनदा पाय का भिजवले?"

तेवढ्यात दाजी पुढे आले. टोपी खिशात कोंबलेली, डोळे अजून ओले. त्यांनी टबातून ती काळी डबी बाहेर काढली, खिशातल्या पान्यानं तिचे नट सोडवले आणि आतलं जे होतं ते टेबलावर ठेवलं. दोन लोखंडी पट्ट्या. कडेनं कुरतडलेल्या, तपकिरी लगद्यानं माखलेल्या.

"मीठ आहे ते," पांढऱ्या खड्याचा कण जिभेवर ठेवून ते म्हणाले. "मिठाचं पाणी, लोखंड आणि वीज. आयुष्य गाड्यांच्या बॅटऱ्यांत गेलं माझं, आणि मी इथे उभा राहून..." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. "बादली आणा."

बादली आली. स्वयंपाकघरातलं मीठ आलं. दाजींनी गाडीची बॅटरी काढून आणली, दोन मोठे खिळे वायरींना बांधले आणि एकमेकांना लागणार नाहीत असे पाण्यात सोडले. सगळं जेवणघर बादलीवर ओणवं झालं. खिळ्यांभोवती बुडबुडे आले, मग हिरवट-पिवळी धूसर रेघ, मग पाणी गढुळलं आणि फेसासकट तपकिरी झालं.

"अगं बाई," बारकी म्हणाली, "बादलीला पण गर्भाशय आहे!"

त्या हशात टबबाबांना आठवलं की त्यांचं दुसरीकडे शिबिर आहे. टब, तक्ता आणि क्षारराज मागे ठेवून ते गेले. साहेबांनी त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि परत येताना कुणाच्याही नजरेला नजर न देता म्हणाले, "सूचनाफलकावर नवीन कागद लावा. यादीसाठी."

सोमवारी सिस्टर आल्या, तेव्हा मी म्हटलं, "आधी प्रश्न, मग सुई." मुलींनी त्यांना घेरलं. लस अंगात विष सोडते का? नाही, तिच्यात जिवंत विषाणूच नसतो, असतं ते त्याच्या कवचासारखं रिकामं टरफल, शरीराला शत्रूची ओळख पटवायला. मूल होत नाही? तसं काही नाही, तो निव्वळ गप्पांचा उद्योग. हात दुखतो? दुखतो, एखादा दिवस. थोडा तापही येऊ शकतो. क्वचित एखादीला चक्कर येते, म्हणून टोचल्यावर पाव तास बसायचं, आणि उपाशी यायचं नाही.

"आत आधीच विषाणू असेल तर लस तो काढून टाकते?" लंबूनं विचारलं.

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "लस घालवत नाही, अडवते. आणि सगळेच प्रकार अडवत नाही. म्हणून पुढे वय वाढलं की तपासणी करून घ्यायचीच. लस घेतली असली तरी."

मला हे उत्तर फार आवडलं. टबबाबांच्या टबात सगळं निघायचं. या बाईंच्या पेटीत जे नाही, ते नाही असं त्या तोंडावर सांगत होत्या.

दाजी दाराशी घोटाळत होते. शेवटी आत आले. "सिस्टर, एक विचारू? मी समजत होतो, हे... चांगल्या घरातल्या मुलींना होत नाही."

"विषाणू वागणुकीचा दाखला मागत नाही," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "एकाच माणसाशी संसार केलेल्या बाईलाही होतो. पुरुषही तो नेतात, आणतात, आणि त्यांना पत्ताही नसतो."

दाजींचा चेहरा उतरला. त्यांना काय विचारायचं होतं ते मला कळलं, सिस्टरनाही कळलं असावं.

"कुणाकडून कधी आला, हे कुणालाच सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "तो हिशोब मांडू नका. त्या वेळी तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आता सांगितलंय."

दाजींनी मान हलवली. मग बाहेर जाऊन सूचनाफलकावरच्या नव्या कागदावर स्वतःच्या हातानं मुलीचं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण लांबूनही वाचता येईल एवढं मोठं. त्या दिवशी यादी सव्वीसवर गेली. पेटीतल्या लसी संपल्या, आणि उरलेल्या मुलींसाठी सिस्टरना गुरुवारी परत यावं लागलं.

सगळ्याजणींना पटलं असं मी म्हणणार नाही. पिळणीवरची एकजण अजून म्हणते की टबानंतर पाय हलके वाटायचे. वाटणारच की! आठ तास उभं राहून पाय कोमट मिठाच्या पाण्यात घातले तर कुणालाही हलकं वाटेल. तेवढं सुख घ्यावं, मीही घरी घेते. त्याला औषध म्हणू नये, एवढंच. आणि टबबाबा दोन गावं सोडून दुसरीकडे बसतात असं ऐकलं. आता पाणी हिरवं होतं म्हणे. पट्ट्या तांब्याच्या असणार.

म्हणून हे लिहिलं. तुमच्यासमोर कुणी असा पेला धरला तर भिऊ नका आणि चिडूही नका. पाय पाण्याबाहेर काढून ठेवा आणि विचारा, "आता काय रंग येतो?" उत्तर द्यायला जो तयार नाही, त्याच्या हाती आपली मुलगी देऊ नका. आणि घरात नऊ-दहा वर्षांची असो की एकोणीस वर्षांची, मुलगी असेल तर आरोग्य केंद्रात जा, सिस्टरना किंवा डॉक्टरांना विचारा, जितक्या शंका असतील तितक्या विचारा. मोठ्या बायकांनो, तुम्ही तपासणी करून घ्या. अंगावरून अवेळी जात असेल तर "बायकांचं असतंच" म्हणून गप्प बसू नका. लाज वाटली तरी बोला. आमच्या ताईला कुणी हे वेळेवर सांगितलं असतं, तर तिनं ऐकलं असतं. शहाणी होती ती.